शिकाऱ्याचें पंचांग

माझा एक जुना विद्यार्थी गेलीं कांहीं वर्षें कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, प्रिन्स जॉर्ज या गांवीं, नोकरीनिमित्त राहतो. मराठी लिहिण्याची संवय मोडूं नये म्हणून तो मला अधूनमधून सविस्तर पत्रें धाडतो आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून मी तीं परत पाठवितों. हा आमचा उभयतांचा जुना करार आहे. गेल्या वसंत ऋतूंत आलेल्या एका पत्रांत त्यानें शेजारच्या गृहस्थांविषयीं लिहिलें होतें. या गृहस्थांनीं काळ्या अस्वलाच्या शिकारीचा परवाना काढला होता. शिकारीचा हंगाम कायद्यानें खुला झाला, बंदूक पुसून तयार झाली, परंतु स्वारी कांहीं घराबाहेर पडेना. रोज सायंकाळीं ते घरापुढील ओट्यावर बसून समोरच्या डोंगरावरील बर्फाची रेघ कोठवर सरकली आहे तें पाहात आणि 'अजून वेळ झाली नाहीं' एवढेंच म्हणून आंत जात. 'गुरुजी, हा मनुष्य कशाची वाट पाहात असेल?' असें माझ्या विद्यार्थ्यानें विचारलें होतें.

मीं स्वतः आयुष्यांत कधीं बंदूक हातीं धरली नाहीं, आणि पासष्टीच्या घरांत आल्यावर आतां धरीन असेंहि नाहीं. आपल्या देशांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं अस्वल मारणें हा गुन्हाच आहे. तथापि इतकीं वर्षें मुलांना भूगोल शिकविल्यामुळें म्हणा, 'अजून वेळ झाली नाहीं' हें वाक्य माझ्या मनांत घर करून बसलें. वेळ कशाची? बर्फाची, गवताची, अस्वलाची, कीं कायद्याची? शोध करितां असें दिसून आलें कीं, वेळ या चारहि गोष्टींची पाहावी लागते. आणि घोटाळा असा कीं, या चारहि गोष्टी एकाच दिवशीं पुरतेपणीं कधींच जुळत नाहींत.

प्रथम हें अस्वल आपल्या अस्वलाहून कसें निराळें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्या विदर्भांतील अस्वलाला हिवाळ्यांत निजून राहण्याचें कांहींच कारण नाहीं. थंडींतहि वाळवीचीं वारुळें जागच्या जागीं असतात; आणि फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे पहांटेच्या अंधारांत झाडाखालीं त्याची आणि फुलें वेंचावयास आलेल्या बायामाणसांची गांठ पडते. त्या गांठीचें दुःखद वर्तमान वर्तमानपत्रांतून आपण वाचतोंच. उत्तर अमेरिकेंतील काळ्या अस्वलाचें वर्ष मात्र दोन तुकड्यांचें आहे. अलास्कापासून मेक्सिकोच्या उत्तरेकडील डोंगरांपर्यंत तें पसरलेलें असून त्याची संख्या कित्येक लाखांत मोजतात. नांव काळें असलें तरी डोंगराळ पश्चिमेंत तें तपकिरी, दालचिनी रंगाचें, क्वचित् पिंगटहि असतें. उत्तरेकडील मुलखांत वर्षांतील पांच-सहा महिने तें गुहेंत, झाडाच्या ढोलींत किंवा उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांखालीं निजून काढतें. इतक्या काळांत अन्न नाहीं, पाणी नाहीं, मलमूत्रविसर्जनहि नाहीं. शरद् ऋतूंत सांठविलेल्या चरबीवर सारा संसार चालतो.

या झोंपेविषयीं अलास्का विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं जें प्रसिद्ध केलें तें फार विलक्षण आहे. निद्रिस्त अस्वलाच्या शरीराची उष्णता ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहते, म्हणजे फारशी उतरत नाहीं. परंतु शरीराचा एकंदर व्यवहार नेहमींच्या चतुर्थांशावर येतो, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला पंचावन्नावरून चौदांच्या आसपास उतरतात. आमच्या शिकाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट याच्याहि पुढची आहे. अस्वल जागें होऊन बाहेर आलें तरी तें आंतून अर्धे निजलेलेंच असतें! शरीराचा व्यवहार पूर्ववत् होण्यास आणखी दोन-तीन आठवडे लागतात. या दिवसांत तें बिळाच्या आसपास घुटमळतें, उन्हांत बसतें, फारसें खात नाहीं. सुटी संपून शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत वर्गांत बसलेल्या मुलांची मला येथें आठवण होते. तेव्हां बर्फ वितळूं लागतांच जो उतावीळ शिकारी रानांत धांवतो, त्याच्या वांट्याला बहुधा चिखल येतो. अस्वल बाहेर आहे, पण फिरत नाहीं. आणि जें फिरत नाहीं तें दिसत नाहीं.

शिवाय सर्व अस्वलें एकाच वेळीं बाहेर पडत नाहींत. प्रथम मोठे नर, मार्चच्या उत्तरार्धांत किंवा एप्रिलांत. त्यांच्या मागून एकट्या माद्या, आणि गतवर्षींचीं पिलें बरोबर असलेल्या आया. सर्वांच्या शेवटीं, एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यांत, त्याच हिवाळ्यांत व्यालेल्या माद्या. पिलें जानेवारी-फेब्रुवारींत, आई निजलेली असतांनाच, जन्मास येतात. बहुधा दोन किंवा तीन. जन्मतःच त्यांचें वजन पाव किलोच्या थोडें इकडे-तिकडे, म्हणजे मोठ्या पेरूएवढें. बाहेर येतांना तीं दोन-तीन किलोचीं झालेलीं असतात आणि झाडावर चढण्यापलीकडे त्यांना स्वतःच्या रक्षणाची दुसरी विद्या येत नसते. हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें सारा वाद याच क्रमावरून आहे.

आतां गवताकडे वळूं. अस्वल म्हटलें कीं मांसाहारी श्वापद अशी आपली समजूत असते. परंतु काळ्या अस्वलाचा वसंतांतील आहार बव्हंशीं पालेभाजीचा आहे. कोंवळें गवत, डँडेलियनचीं पिंवळीं फुलें व पानें, क्लोव्हर नांवाचें तीन पानांचें गवत, पाणथळींतील लव्हाळे, अ‍ॅस्पेन झाडाच्या कळ्या, हें त्याचें पथ्याचें अन्न. थंडींत मेलेल्या हरणाचा सांगाडा सांपडला तर तोहि तें सोडीत नाहीं, आणि मेअखेर हरिणींचीं व मूसचीं पाडसें जन्मूं लागलीं म्हणजे तींहि पकडतें. पण भर गवतावरच. मात्र गाईला जशीं चार कप्प्यांचें पोट आहे तसें अस्वलाला नाहीं. जून, चोथट गवत त्याला पचत नाहीं. पालवी फुटून थोडे दिवस झालेलें, सत्त्वानें भरलेलें व तंतूंनीं हलकें, असेंच गवत त्याला मानवतें. म्हणून तें कोंवळिकीच्या मागोमाग चालतें.

ही कोंवळीक कोठें प्रथम येते तें भूगोलाच्या कोणत्याहि विद्यार्थ्यानें सांगावें. उत्तर गोलार्धांत दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारावर सूर्याचे किरण अधिक सरळ पडतात. तेथील बर्फ आधीं वितळतो आणि जमीन आधीं तापते. समोरच्या उत्तराभिमुख उतारावर कंबरभर बर्फ असतां या उतारावर गवत वीतभर वाढलेलें असतें. हिमलोट घसरून झाडें नाहींशीं झालेल्या पट्ट्यांत, जंगलतोडीच्या मोकळ्या जागीं, आणि लांकूडवाहतुकीच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला हेंच घडतें. त्या रस्त्यांवर माती धुपूं नये म्हणून क्लोव्हरचें बीं पेरलेलें असतें. म्हणजे मनुष्यानें नकळत अस्वलासाठीं पानच वाढून ठेवलें म्हणावयाचें. पुढें दिवस वाढतील तसतशी हिरवी रेघ डोंगर चढूं लागते आणि अस्वलेंहि तिच्याबरोबर वर जातात. ओट्यावर बसून ते गृहस्थ बर्फाची रेघ कां न्याहाळीत होते, याचा उलगडा मला येथें झाला. तारखेला त्यांच्या लेखीं किंमत नव्हती, रेघेला होती.

येथवर पाहतां, जितका उशीर तितकें बरें असें कोणास वाटेल. परंतु शिकाऱ्याला कातडेंहि हवें असतें. बिळांतून निघालेल्या अस्वलाची लोंकर दाट, लांब व तुकतुकीत असते. ऊन तापूं लागलें कीं जुने केस सुटतात, अंगाला खाज येते, आणि अस्वल झाडाच्या खोडांवर पाठ व कमर घांसूं लागतें. मेच्या उत्तरार्धापासून पुष्कळ कातड्यांवर उघडे चट्टे पडलेले आढळतात. जूनमध्यें धड कातडें मिळालें तर तें नशीब. मांसाचीहि तीच गोष्ट. एप्रिलच्या गारठ्यांत मारलेलें जनावर सावकाश सोलून, वाहून नेतां येतें. जूनच्या उन्हांत घटका-दोन घटकांची हयगय झाली तरी तें बिघडूं लागतें. आणि ब्रिटिश कोलंबियांत खाण्याजोगें मांस रानांत टाकून येण्यास कायद्याची मनाई आहे.

मांसाचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी येथेंच सांगून टाकतों. अस्वलाच्या मांसांत ट्रिकिनेला नांवाचे सूक्ष्म कृमि असूं शकतात. आपला विश्वास शीतकपाटावर फार. परंतु उत्तरेकडील या कृमींची एक जात थंडीला दाद देत नाहीं. मे २०२२ मध्यें सस्कॅचवान प्रांताच्या उत्तर भागांत मारलेल्या एका काळ्या अस्वलाचें मांस ४५ दिवस गोठवून ठेवून मग एका कुटुंबाच्या मेळाव्यांत शिजविलें गेलें. काळसर मांसामुळें तें कच्चें राहिल्याचें कोणास कळलें नाहीं, आणि सहा माणसें आजारी पडलीं. त्यांतील दोघांनीं तर मांसाला हात न लावतां त्याच्याबरोबर शिजलेली भाजीच खाल्ली होती! मांस मध्यापर्यंत ७४ अंश तापलें पाहिजे, हाच यावर उपाय.

उशिरा जाण्याच्या बाजूनें आणखी एक मोठें कारण आहे, तें म्हणजे समागमाचा काळ. मेअखेरपासून जुलैच्या आरंभापर्यंत नर माद्यांच्या शोधांत मैलच्या मैल भटकतात. एरव्हीं वर्षभर झाडींत दबून राहणारा थोराड, धूर्त नर या दिवसांत भर उजेडांत मोकळ्यावर येतो. गतवर्षींच्या पिलांना आया याच सुमारास हांकून देतात, त्यामुळें लहान, बावरलेलीं अस्वलेंहि जिकडे-तिकडे दिसूं लागतात. घटकेचा हिशेब म्हणाल तर वसंतांत सकाळपेक्षां तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ अनुभवी लोक अधिक पसंत करतात. सकाळीं गवतावर दहिंवर गोठलेलें असतें, आणि दुपार तापली कीं काळ्या कातड्याचा हा प्राणी सावलींत शिरतो. प्रिन्स जॉर्जला मेअखेर सूर्य रात्रीं नऊ वाजून गेल्यावर मावळतो, तेव्हां नोकरी करून आलेल्या माणसालाहि चार-पांच तास सांपडतात. वारा मात्र तोंडावर हवा. अस्वलाच्या नाकापुढें आपली कसलीहि युक्ति चालत नाहीं.

हा सगळा हिशेब मांडला म्हणजे त्या भागासाठीं मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम असें उत्तर निघतें. समुद्रकांठच्या उबदार प्रदेशांत तो थोडा आधीं येतो, अधिक उत्तरेस किंवा उंचावर थोडा नंतर. केवळ कातड्यावर डोळा असेल त्यानें आधींचे दिवस घ्यावे, मोठ्या नरावर असेल त्यानें शेवटचे.

परंतु, श्रोतेहो, पंचांग येथें पुरें होत नाहीं. मघाशीं सांगितलेला क्रम आठवा. याच उत्तम म्हटलेल्या चार आठवड्यांत तान्हीं पिलें घेऊन माद्याहि रानांत आलेल्या असतात, आणि त्याच कोंवळ्या गवतावर चरत असतात. अंगावर पिणारें पिलूं आईवांचून उपासानें किंवा दुसऱ्या श्वापदाच्या तोंडीं मरतें. ब्रिटिश कोलंबियांत दोन वर्षांखालील अस्वल व त्याच्यासमवेत असलेलें कोणतेंहि अस्वल मारण्यास मनाई आहे. ऑन्टेरिओंतहि वसंतांत पिलें आणि पिलांची आई यांना अभय आहे. कायदा नि:संशय चांगला. अडचण अशी कीं, चरतांना आई पुष्कळदां पिलांना एखाद्या जाड सालीच्या उंच झाडावर चढवून ठेवते आणि स्वतः शे-दोनशे पावलांवर एकटीच दिसते. दुर्बिणींतून पाहणाऱ्याला ती 'एकटें अस्वल'च वाटते.

नर-मादी ओळखण्याच्या खुणा जाणते लोक सांगतात. थोराड नराचें डोकें रुंद, मान डोक्याएवढीच जाड, कान लहान व एकमेकांपासून दूर, जणूं कडेला चिकटविलेले. मादीचें तोंड निमुळतें आणि कान मोठे व जवळजवळ. परंतु या सर्व खुणा तुलनेच्या आहेत. एकटें जनावर दूर उतारावर, मावळत्या उजेडांत पाहिलें तर तुलना कशाशीं करावयाची? मोंटाना राज्यांत काळें अस्वल आणि संरक्षित ग्रिझली यांतील भेद ओळखण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून काळ्या अस्वलाचा परवाना मिळत नाहीं. परीक्षा घेण्यांत जन्म गेलेल्या मला हें ऐकून समाधान वाटलें. परंतु कागदावरील चित्र ओळखणें आणि सांजवेळीं हलतें जनावर ओळखणें यांतील अंतरहि मला ठाऊक आहे.

याच मुद्द्यावरून तेथें मोठे वाद झाले. कोलोरॅडो राज्यांतील मतदारांनीं १९९२ सालीं वसंतांतील अस्वलांची शिकार मतदानानें बंद केली. ऑन्टेरिओ प्रांताच्या सरकारनें ती १९९९ मध्यें बंद केली, २०१४ मध्यें कांहीं भागांत प्रयोगादाखल पुन्हां चालू केली, आणि २०२१ पासून ती तेथें नेहमींची झाली. वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव आयोगानें २०२२ मध्यें वसंतांतील हौशी शिकार थांबविली. शिकारीच्या बाजूचे लोक म्हणतात कीं, वसंतांत नरच अधिक मारले जातात आणि वस्तींतील उपद्रव कमी होतो. यांपैकीं पहिलें म्हणणें हंगामाच्या आरंभीच्या दिवसांपुरतें मला पटतें. दुसऱ्याविषयीं ऑन्टेरिओंतील अभ्यासकांनीं पाहिलें तें असें कीं, वस्तींतील उपद्रवाचा संबंध किती अस्वलें मारलीं याच्याशीं नसून रानांतील फळें त्या वर्षीं आलीं कीं बुडालीं याच्याशीं आहे. मला विचाराल तर हंगाम मेच्या मध्यालाच मिटवावा, पिलांच्या आया फार संख्येनें बाहेर पडण्यापूर्वीं. त्यानें शिकाऱ्यांचे बहुतेक उत्तम दिवस जातील हें मी जाणून आहें.

आतां त्या गृहस्थांची हकीकत. मेच्या शेवटच्या आठवड्यांत एका सायंकाळीं ते निघाले आणि माझ्या विद्यार्थ्यालाहि बरोबर नेलें. लांकूडवाहतुकीच्या एका जुन्या रस्त्याच्या वळणावर, वारा तोंडावर घेऊन, दोघे ओंडक्याआड बसले. सातच्या सुमारास एक अस्वल रस्त्याच्या कडेला चरूं लागलें. अंगावरील लोंकर धड, तुकतुकीत; कोठेंहि चट्टा नाहीं. अंतर दीडशे पावलांचें. गृहस्थांनीं बंदूक खांद्याला लावली आणि पुन्हां खालीं ठेवली. दुर्बीण घेतली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माझा विद्यार्थी लिहितो कीं, त्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि डांसांनीं त्याला फोडून काढलें. अखेर त्यानें खुणेनें विचारलें, 'कां?' गृहस्थ कानांत म्हणाले, 'हें दर दोन मिनिटांनीं मान वर करून एकाच झाडाकडे पाहतें आहे.' थोड्या वेळानें अस्वल त्या झाडाखालीं गेलें, घशांतून कांहीं घरघरलें, आणि सालीचे तुकडे पाडीत दोन पिलें एकामागून एक खालीं घसरलीं.

त्यानंतर ते गृहस्थ आणखी पांच सायंकाळीं गेले आणि रिकाम्या हातीं परतले. जूनच्या नऊ तारखेला त्यांना एक थोराड नर मिळाला. त्याच्या पाठीवरचे व कमरेवरचे केस इतके घांसून गेले होते कीं, कातडें कमावणाऱ्यानें तें घेण्यास नकार दिला. मांस मात्र त्यांनीं सारें घरीं आणलें आणि शेजारधर्म म्हणून दोन किलो आमच्या विद्यार्थ्याकडे पोंचतें केलें. तेव्हां त्याचें पुन्हां पत्र आलें: 'गुरुजी, हें कुकरांत किती शिट्यांवर शिजवावें?' मी जन्माचा शाकाहारी. मीं त्याला ७४ अंशांचा आंकडा कळविला, शिट्यांचा हिशेब त्याच्या पत्नीवर सोंपविला, आणि 'शिट्ट्या' हा शब्द एकाच पत्रांत दोन तऱ्हांनीं लिहिल्याबद्दल खालीं लाल रेघ ओढून पत्र परत धाडलें.